नवे-जुने : कागदावरची परतफेड

मार्चअखेर जवळ आली की अनेक गावांत एक व्यवहार गुपचूप चालतो. सोसायटीचे पीककर्ज फेडण्यास शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. तो खाजगी सावकाराकडून थोड्या दिवसांकरिता रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज मंजूर होताच सावकाराचे देणे चुकते करतो. यालाच नवे-जुने करणे म्हणतात. दप्तरात वसुली पूर्ण दिसते. कर्ज मात्र होते तेवढेच राहते.

या व्यवहाराचा हिशेब एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. केंद्राच्या व्याज सवलत योजनेत 3 लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज 7 टक्के दराने मिळते व मुदतीत फेडणारास आणखी 3 टक्क्यांची सूट मिळते. म्हणजे वर्षभराच्या 1 लाख रुपयांवर 3,000 रुपये वाचतात. सावकाराचा दर दरमहा शेकडा 3 रुपये असला आणि त्याने पंधरा दिवसांकरिताही पूर्ण महिन्याचे व्याज घेतले, तर त्याला 3,000 रुपयेच द्यावे लागतात. शासनाने शेतकऱ्यास दिलेली सूट शेवटी सावकाराच्या पेटीत जाते. शेकडा 3 हा आकडा कानास लहान वाटतो. परंतु पंधरा दिवसांस 3 म्हणजे वर्षास 72 टक्के होत.

पीक बुडाल्यामुळे ही वेळ आली असेल, तर त्यात शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. अशा वेळी पीकनुकसानीच्या पंचनाम्याचा आग्रह धरावा आणि नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली असल्यास कर्जाच्या पुनर्गठनासाठी मुदतीतच अर्ज करावा. तो सरळ मार्ग होय. परंतु बियाणे-खतांसाठी आणलेला पैसा लग्नाच्या मांडवात खर्च झाला असेल, तर तो पिकातून परत येणार कसा? पिकाचे कर्ज पिकालाच लावणे हा केवळ नियम नव्हे, घरच्या मंडळींशी राखलेले इमान आहे.

यातून सुटका एका वर्षात होणार नाही. तथापि माल विकल्याबरोबर, इतर खर्चाआधी, 10,000 रुपये बाजूस काढावे आणि पुढील वर्षी 1 लाखाऐवजी 90 हजारच उचलावे. दरसाल हाच क्रम ठेवल्यास दहा वर्षांत मुद्दल फिटते. कर्जमाफीच्या आशेवर थांबणारा मात्र सूट गमावतो, थकबाकीदार ठरतो व पुढच्या हंगामास नव्या कर्जाला मुकतो.

सोसायटीच्या सचिवाची व ग्रामसेवकाची जबाबदारीही येथे कमी नाही. वसुलीचा आकडा शंभर टक्के दिसावा म्हणून नवे-जुने करण्यास सुचविणे हे शेतकऱ्यास सावकाराच्या दारी पोचविणे आहे. खरी अडचण वरिष्ठांस लेखी कळविणारा कार्यकर्ता आकड्यात मागे दिसेल. गावात मात्र विश्वास त्याच्याच शब्दावर बसेल.