आपलं केंद्र

पनवेलच्या जुन्या घरांत आकाशवाणी म्हणजे मुंबई केंद्र. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विनच्या हस्ते ते सुरू झालं, तेव्हा ते एका खासगी कंपनीचं होतं. तीन वर्षांत कंपनीनं गाशा गुंडाळला आणि कारभार सरकारकडे गेला. आमच्या अनेक घरांत मात्र रेडिओ शिरला तो ट्रान्झिस्टरच्या काळात. यंदाच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत तो कातडी पिशवीतला संच पुन्हा पुन्हा भेटतो. सेल मंदावले की ते अंगणात उन्हाला ठेवायचे, संध्याकाळच्या बातम्यांपुरते तरी चालावेत म्हणून.

या केंद्राला आपला श्रोता ठाऊक होता. दुपारी घरकामातून जरा सुटलेल्या बाईसाठी 'वनिता मंडळ', मुलांसाठी 'गंमत जंमत', शिवाय 'कामगारांसाठी'. 'पुन्हा प्रपंच'मध्ये प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे पंत बोलू लागले, की शेजारघरचंच बोलणं कानावर येतंय असं वाटे. नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुरवधाचं कीर्तन लागायचं. न्हाणीतल्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केलेला असायचा.

१९६७ मध्ये मुंबईच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. १९९३ मध्ये एफएमच्या काही वेळा खासगी कंपन्यांना मिळाल्या, पुढं त्यांची स्वतःची केंद्रं निघाली. खरखर गेली, गाणी दिवसभर वाजू लागली. गाण्यांबद्दल आमची तक्रार नाही. पण कळंबोलीला वाहनं खोळंबली, एवढंच पनवेलबद्दल ऐकू येतं. शेत, कारखाना, स्वयंपाकघर यांतला श्रोता हरवला. उरला तो रस्त्यात अडकलेला. हे आम्हाला मनापासून खुपतं.

केंद्र सरकारनं २००६ मध्ये सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांनाही खुला केला. साताऱ्याच्या दुष्काळी म्हसवडमध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून तिथल्या माणसांच्या बोलीत बोलते आहे. महाविद्यालयं, महापालिका आणि आता विमानतळही असलेल्या पनवेल परिसरात असं केंद्र का असू नये? त्यावर आगरी बोलीतल्या गप्पा हव्यात, भातावरच्या करप्याचा इलाज हवा, पाणी कुठल्या भागात किती वाजता येणार ते हवं. पहिल्या तासात आणखी काय असावं, ते वाचकांनी आम्हाला कळवावं. आलेली पत्रं घेऊन आम्ही इथल्या महाविद्यालयांची दारं ठोठावणार आहोत.