प्रयोगवहीतले खोडलेले उत्तर

मध्यंतरी एका शाळेतील नववीच्या प्रयोगवह्या चाळण्याचा योग आला. प्रयोग तुमच्या ओळखीचाच होता : लोखंडाची घनता काढणे. चाळीस वह्या पाहिल्या आणि चाळीसही वह्यांत उत्तर एकच, ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर! पुस्तकातल्या कोष्टकातही तोच आकडा. खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण मला शंका आली. चाळीस जणांनी एकच बाक पट्टीने मोजला, तरी चाळीस मापे तंतोतंत सारखी येत नाहीत. मग ही कशी आली?

एका वहीत ७.८ च्या शेजारी ७.४ हा आकडा खोडलेला दिसला. त्या मुलीला विचारले, "हे का गं खोडलेस?"

"सर, ते चुकले होते. मैत्रिणीचे पाहून नीट केले."

"आणि निरीक्षणे?"

"तीही मग जुळवून घेतली," ती हळूच म्हणाली.

माझ्या मते त्या चाळीस वह्यांतले सर्वांत मोलाचे उत्तर ते खोडलेले ७.४ हेच होते. कसे, ते पाहा.

घनता म्हणजे एक घन सेंटिमीटर आकारमानात सामावलेले वस्तुमान. वस्तुमान तराजू सांगतो. खरी कसोटी लागते ती आकारमान मोजताना. आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. पन्नास खिळ्यांचे वस्तुमान भरले १५६ ग्रॅम. मोजपात्रात ५० घन सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत पाणी घेतले. पात्र तिरके धरून खिळे अलगद आत सोडले. वरून टाकले तर काचेचा तळ फुटायचा! पाणी ७१ च्या खुणेपर्यंत चढले. म्हणजे खिळ्यांचे आकारमान २१ घन सेंटिमीटर. १५६ ला २१ ने भागले, तर पुन्हा ७.४!

मुलगी हिरमुसली. मी म्हटले, "आता आकड्याकडे नको, पात्राकडे बघ." खिळ्यांमधल्या फटींत हवेचे बारीक बुडबुडे अडकून बसले होते. पात्राला बोटाने टिचक्या मारल्या, तसे ते भराभर वर आले आणि पाण्याची पातळी ७० वर उतरली. १५६ भागिले २० म्हणजे ७.८!

म्हणजे तिचे पहिले माप खोटे नव्हते. ते खिळे आणि हवा या दोहोंचे मिळून झालेले माप होते. पण आकडा खोडला, तेव्हा त्यामागचे कारणही खोडले गेले. कोष्टक पाठ करून हे बुडबुडे कधी दिसले असते काय?

आता आणखी एक गोष्ट. आमच्या मोजपात्रावर एकेक घन सेंटिमीटरच्या खुणा होत्या. पाण्याची पातळी दोनदा वाचावी लागते, खिळे टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर. दोन्ही वेळा मिळून एका घराची चूक सहज होऊ शकते. आकारमान २० ऐवजी १९ धरले, तर घनता येते ८.२, २१ धरले, तर ७.४. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे : "७.८ च्या आसपास, ७.४ ते ८.२ च्या दरम्यान." अशा पात्राने मोजून कोणी ७.८६ लिहिले, तर तो अधिक हुशार ठरत नाही. तो न मोजलेले लिहीत असतो. पन्नास खिळे का घ्यायचे, तेही यावरून कळेल. एका खिळ्याचे आकारमान जेमतेम ०.४ घन सेंटिमीटर. ते या पात्रावर वाचणार कसे?

द्रवाची घनता काढताना तर आणखी एक नोंद हवी. ती म्हणजे तापमानाची. द्रव तापला की प्रसरण पावतो. वस्तुमान तेच राहते, पण घनता घटते. "एवढ्याशा फरकाने काय होते?" असे कोणाला वाटेल. तर मग स्वयंपाकघरात जाऊन तेलाची पिशवी पाहा. तिच्यावर आकारमान आणि वजन दोन्ही छापलेले असते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. काही उत्पादक ६० अंशांचा लिटर धरून वजन छापत. घरात इतके तापलेले तेल पिशवीतून कोण ओततो? म्हणजे गिऱ्हाइकाला लिटरमागे पंचवीस-सव्वीस ग्रॅम तेल कमीच मिळे. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना सांगितले, की तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापा, त्यासोबत वजनही द्या आणि दोन्ही बरोबर असू द्या. कोणत्या परिस्थितीत मोजले, हे दडवले की खरा आकडाही फसवतो, तो असा.

न जुळणारा आकडा जपून ठेवला तर काय हाती लागते, याची एक गोष्ट सांगतो. ती वायूच्या घनतेची आहे, पण बोध तोच. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी नायट्रोजनची घनता मोजली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरू लागला. फरक किती लहान! सरासरी काढून तो मिटवता आला असता. त्यांनी तसे केले नाही. १८९२ साली 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी हे कोडे सर्वांपुढे मांडले. मग विल्यम रॅमसे यांच्यासह शोध घेतला आणि १८९४ साली हवेत दडलेला एक नवा वायू हाती आला. तोच अर्गॉन! १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शिक्षकमित्रांना एक विनंती. वर्गात साठ मुले आणि तराजू दोन, शिवाय उत्तर पुस्तकाशी जुळले की गुण देणे सोपे जाते, हे मला ठाऊक आहे. पण त्यामुळेच मुले आकडे जुळवायला शिकतात. उत्तराचे गुण थोडे कमी करा. ते मूळ निरीक्षणांना आणि 'उत्तर असे का आले असावे?' या दोन ओळींना द्या. प्रत्येक गटाला गावच्या ओढ्यातला वेगळा दगड मोजायला लावा. त्याचा आकडा कोणत्याच कोष्टकात नाही. मग मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कोकणातल्या शाळांनी जांभा जरूर घ्यावा. तो पाणी पितो, बुडबुडे सोडतो आणि दर वेळी नवा प्रश्न विचारतो!

आणि मित्रांनो, वहीत खोडायचेच झाले, तर फक्त एक आडवी रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. काय सांगावे, उद्या तुम्हाला त्याचीच गरज पडेल!