यंत्रमुनीमांचें बोलणें आणि मालकाची कबुली

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या हातीं आज मोबाइल फोन आहे, व बाजारभाव पाहण्याकडे त्याचा उपयोग सर्वांस ठाऊक आहे. आतां पुढची पायरी येत आहे. मालकानें एकदां काम सांगितलें कीं, ‘एजंट’ नांवाचा संगणकीय प्रोग्राम तें आपण होऊन तडीस नेतो, व त्यासाठीं दुसऱ्याच्या एजंटाशीं परस्पर बोलणीही करतो. हीं बोलणीं कोणत्या शिरस्त्यानें व्हावीं, याच्या ठरीव नियमांस ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. शेतकरीवर्गानें या विषयाकडे दुर्लक्ष करूं नये, असें आमचें मत आहे.

ही कल्पना आजची नव्हे. सन १९८० सालीं रीड स्मिथ यांनीं ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ नांवाची रीत प्रसिद्ध केली. एकानें काम पुकारावें, इतरांनीं बोली द्यावी, व पसंत पडेल त्यास काम सोंपवावें, अशी ती रीत होय. पुढें १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘फिपा’ संस्थेनें विचारणा, प्रस्ताव, स्वीकार, नकार असे निरोपांचे निरनिराळे प्रकार ठरविले. त्यांत ‘समजलें नाहीं’ असाही एक प्रकार ठेविला. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. न समजलेल्या कागदावर तसें स्पष्ट लिहिणारे दप्तरांत किती विरळा, हें आम्ही जाणतों.

निरोपांच्या या भेदास महत्त्व कां? समजा, आमच्या एजंटानें व्यापाऱ्याच्या एजंटास कांद्याचा भाव विचारला. ती विचारणा कबुली समजली गेली, तर माल विकला गेला, आणि मालक मात्र शेतांतच!

गुगलनें एप्रिल २०२५ मध्यें जाहीर केलेल्या, व त्याच वर्षीं जूनमध्यें लिनक्स फाउंडेशनच्या हवालीं केलेल्या ‘एजंट-टू-एजंट’ प्रोटोकॉलांत, अधिक माहिती हवी असल्यास काम मध्येंच थांबवून तसें कळविण्याची सोय आहे. सोय उत्तम, परंतु कोणत्या व्यवहारांत थांबावें, हें प्रोटोकॉल ठरवीत नाहीं. तें मालकानेंच ठरविलें पाहिजे. जमिनीच्या फेरफाराची नोंद होते, तेव्हांही हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत मिळते, व मगच ती नोंद प्रमाणित होते.

म्हणून असा एजंट नेमण्यापूर्वीं, त्याच्या अधिकाराची मर्यादा लेखी असावी. प्रत्येक निरोपाची नोंद मराठींत वाचावयास मिळावी. आणि विक्री, कर्ज व जमीन यांविषयींची अखेरची कबुली मालकानें स्वतः द्यावी. सभासदांनीं याचा विचार आजच करावा, अशी आमची विनंती आहे.