डिझेलच्या टाकीतले पाणी

डिझेलमध्ये जीव वाढतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. तेलाखाली साचलेल्या पाण्यात बुरशी धरते, वरचे तेल खाते, फिल्टर चोंदवते. तिच्या आम्लाने पत्राही झिजतो. अशा एका बुरशीला ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ पारबेरी यांनी १९६९ साली ‘अ‍ॅमॉर्फोथेका रेझिनी’ हे नाव दिले.

औषध ओतून निश्चिंत होणे आम्हांस पटत नाही. मेलेली बुरशीही फिल्टरमध्येच अडकते! आधी तळाचे पाणी काढावे. टाकी अर्धी ठेवू नये, रात्रीच्या गारव्याने आत दव धरते.

क्वीन्सलँड काय, आपले बेट काय, वादळासाठी घेतलेला जनरेटर वर्षभर उभाच असतो. ऐन काळोखात तो बंद पडला, की दोष यंत्राला! बंधूभगिनींनो, तळाचा नळ महिन्यातून एकदा उघडून पाहावा, वादळाची सूचना येण्याआधी.