आमचं लहानपण कुणाला विचारायचं?

‘लहानपणी तू भारी हट्टी होतास, भाजीतली कोथिंबीर वेचून ताटाबाहेर ठेवायचास,’ असं सांगणारं एखादं माणूस घरोघरी असतं. बालगृहात वाढलेल्यांना ते मिळत नाही. काळजीवाहक मावशी नोकरी सोडतात, अधीक्षक बदलतात, बरोबरीची मुलं अठरा वर्षांची झाली की पांगतात. मागे उरते ती कपाटातली फाइल.

मी परळच्या बाजूला एका बालगृहात वाढलो. पहाटे गिरणीचा भोंगा आणि पाठोपाठ आमची घंटा. ताटावर, पेटीवर, चादरीच्या कोपऱ्यावर एकच नंबर. शाळेत घालताना जन्मतारीख ठरली १ जून. आमच्यातल्या बऱ्याच जणांची तीच. १९८२च्या गिरणी संपानंतर दोन भाऊ आमच्यात आले. त्यांचे वडील दर रविवारी शेंगदाण्याची पुडी घेऊन यायचे. आम्ही बाकीची मुलंही त्यांना खेटून बसायचो, कारण बोलता बोलता ते जवळ असेल त्या डोक्यावरून हात फिरवत. तो हात कोण लाडका, कोण परका, असा भेद करत नसे.

मला न्हाऊ घालणारा आणखी एक हात आठवतो, वाकड्या करंगळीचा. तो आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचा की त्याआधीच्या कुणाचा? माझ्या फाइलमध्ये वजन, लसी आणि आदेशांचे क्रमांक आहेत. करंगळी नाही.

लिहिलेलं मात्र टिकतं. डोंगरीला उमरखाडीचं बालगृह जुन्या तुरुंगाच्या वास्तूत आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, म्हणून ते दिवस आजही वाचता येतात. १९२४च्या मुंबई मुलांच्या कायद्यानंतर, १९२७ मध्ये बालगृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. तेव्हापासून या शहरातल्या बालगृहांत किती मुलं वाढली, आणि त्यांचे दिवस कुणी लिहिले?

आमच्या परळच्या कवी नारायण सुर्व्यांनी आपले दिवस लिहिले. टाकून दिलेलं ते बाळ गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी उचललं, काशीबाईंनी वाढवलं, शाळेत घातलं. पुढे नोकरी संपल्यावर दोघं कोकणात गेली आणि पोर मुंबईत एकटं राहिलं. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाल, शिपाई, शिक्षक, आणि १९९८ साली पद्मश्री. पण प्रत्येक मुलाला कविता येत नसते. म्हणून हे लिहिण्याचं काम त्याच्यावर सोडू नये.

२०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करावी लागते. तिला एक वही जोडा. दात कधी पडला, कशाची भीती वाटे, कुणाशी गट्टी होती, कुठल्या मावशींनी तापात रात्र काढली, हे नावांसकट लिहा. दरवर्षी एक फोटो चिकटवा. मूल बाहेर पडताना आधार कार्डाबरोबर ती वही त्याच्या हातात द्या. खर्च नगण्य आहे. लिहिणाऱ्याला थोडी सवड मात्र द्यावी लागेल.

आणि आमच्या पिढीपुरतं एक काम आजच होण्यासारखं आहे. लालबाग, शिवडी, डिलाईल रोडच्या चाळींतून ज्या बायका आमच्या बालगृहांत कामाला यायच्या, त्या आता सत्तरी-ऐंशीत असतील. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांना शोधावं, त्यांच्यासमोर जुने गटफोटो ठेवावेत आणि कोणतं पोर कोणतं, ते विचारून लिहून घ्यावं.