रूळ गेले, वाट राहिली



एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. हे एक टक्क्याचे प्रमाण आपल्या बागायतदाराच्या घरातील शाळकरी पोरगाही सांगेल. त्या औषधाला आपण बोर्डो मिश्रण म्हणतो. शब्द तोंडात इतका बसला आहे की ते एका शहराचे नाव आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात गारोन नदीच्या काठावर वसलेले मोठे शहर. चहूकडे द्राक्षाचे मळे. आज तुम्हांला या शहरापासून सायकलवर बसवून मळ्यांतून, नदीच्या खोऱ्यातून आणि कालव्याच्या काठाने थेट तुलूझपर्यंत न्यावे असा बेत आहे. काही तुकडे सोडले तर या सबंध वाटेवर मोटार नाही, ट्रक नाही, पाठीमागून कर्कश हॉर्न नाही.

सायकलसाठी एवढी मोकळी वाट आली कोठून, हे आधी पाहू. फ्रान्समध्ये एकेकाळी गावोगाव जाणाऱ्या रेल्वेच्या छोट्या फाट्यांचे जाळे होते. पुढे मोटारी आणि बसगाड्या आल्या, फाटे तोट्यात गेले आणि एकेक करून बंद पडले. रूळ उचलले गेले, पण खालची अरुंद, लांबलचक पट्टी बऱ्याच ठिकाणी सलग राहिली. तुकडे पाडून ती सगळीच विकली गेली असती, तर आज तिचा कोणाला काही उपयोग नव्हता. जेथे ती राखली गेली, तेथे तिच्यावर गुळगुळीत पृष्ठभाग केला आणि ती पायी चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना व घोडेस्वारांना मोकळी करून दिली. फ्रेंच लोक अशा वाटेला ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे हिरवी वाट म्हणतात. पहिली हिरवी वाट १९९७ मध्ये बर्गंडी प्रांतात जिव्ह्री ते क्लूनी या गावांदरम्यान सुरू झाली, तीही द्राक्षमळ्यांच्या कडेनेच. २००४ मध्ये त्यांच्या वाहतूक नियमांत अशा वाटेची स्वतंत्र व्याख्या झाली आणि इंजिनाच्या वाहनांना तेथे मज्जाव झाला.

रेल्वेच्या वाटेचा आणखी एक गुण आहे. इंजिनाला खडा चढ चढवत नाही, म्हणून इंजिनिअरांनी जेथे टेकडी आली तेथे ती कापली, जेथे खोलगट आले तेथे भराव घातला. त्या मेहनतीचे फळ आज सायकलस्वाराला मिळते. घरातील आजोबा आणि दहा वर्षांची नात एकाच चालीने जाऊ शकतात, कोणालाही उतरून सायकल ढकलावी लागत नाही.

बोर्डोजवळून निघणाऱ्या अशा वाटेला रोजे लापेबी या सायकलपटूचे नाव आहे. १९३७ ची ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत त्यांनी जिंकली होती. वाट सुमारे ५५ किलोमीटरची, सोव्हतेर या जुन्या तटबंदीच्या गावापर्यंत जाते. मध्ये क्रेओं गावचे जुने रेल्वे स्टेशन लागते. गाडी येत नाही, पण स्टेशन जागे आहे. सायकलस्वार तेथे थांबतात. पुढे ला सोव गावापाशी एक बोगदा येतो. उन्हातून आत शिरले की अंगावर गारवा येतो. गावात एक पडका मठ आहे, त्याची स्थापना १०७९ सालची.

या मुलखाचे नाव आंत्र-द-मेर, म्हणजे दोन समुद्रांमधला प्रदेश. समुद्र तर येथून बराच लांब! पण एका बाजूला गारोन आणि दुसऱ्या बाजूला दोर्दोन्य, या दोन्ही नद्यांत समुद्राची भरती खूप आतपर्यंत चढते, म्हणून लोकांनी नद्यांनाच समुद्र म्हटले. कोकणातल्या खाडीकाठच्या वाचकांना हे नाव समजावून सांगायला नको.

आता मळ्याकडे नजर टाका. आपल्यासारखा मांडव कोठे दिसणार नाही. वेली तारांवर उभ्या ओळींत, कुंपणासारख्या. आपल्याकडे वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तेथे हिवाळ्यात वेल पाने टाकून निपचित पडते, मग मुख्य छाटणी एकच आणि काढणी साधारण सप्टेंबरात. कोठे कोठे ओळीच्या टोकाला गुलाबाचे झाड दिसेल. भुरीची सूचना गुलाब आधी देतो, असे तेथील जुने लोक सांगत आले. गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या वेगवेगळ्या बुरशी आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तरी हवामान दोघींना सारखेच मानवते, तेव्हा जुन्या लोकांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही.

वाटेच्या कडेला मळा म्हटला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो चोरीचा. येणारा-जाणारा घड तोडणार नाही का? बंधूंनो, याच प्रश्नातून आपले बोर्डो मिश्रण जन्माला आले आहे. बोर्डो शहराच्या वायव्येला, गारोनच्या पलीकडच्या काठाने पुढे गेले की मेदोक नावाचा भाग लागतो. तेथील शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. रोगासाठी नव्हे, तर पाने निळसर दिसावीत आणि वाटसरूने विषाच्या भीतीने हात लावू नये म्हणून! त्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्सचे मळे झडत होते. १८८२ च्या शरदात मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मेदोकमधून जात असता त्यांना दिसले, की आतल्या ओळी रोगाने उघड्या पडल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या निळ्या ओळी मात्र हिरव्यागार पानांनी भरल्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे ठेवले. मियार्दे शिकलेले होते हे खरेच, पण रस्त्याने जाताना ते बागेकडे पाहत होते हे त्याहून महत्त्वाचे, असे माझे मत आहे.

आज मात्र तांबे जमिनीत साठत जाते म्हणून युरोपात त्याच्या वापराला वेसण घातली आहे. २०१९ पासून लागू झालेल्या नियमात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घालण्यात आली. आपणही हात जरा आखडता घ्यावा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बरे, सायकलवाल्यांपासून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? मोटारीतला प्रवासी मळ्याजवळून भर्रकन निघून जातो. सायकलवाला दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर कापतो, दर दोन तासांनी त्याला भूक लागते, आणि रात्री कोठेतरी मुक्काम करावाच लागतो. तेथील शेतकरी कुटुंबे घरातली एखादी खोली किंवा जुने कोठार नीट करून पाहुण्यांना भाड्याने देतात. ही पद्धत तेथे जुनी आहे; अशा ग्रामीण घरांचा राष्ट्रीय संघ १९५५ मध्येच स्थापन झाला. सायकलस्वारांसाठी खास मान्यतेची पाटीही मिळते. त्यासाठी घर सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असावे लागते, सायकली ठेवायला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारे असावी लागतात. यातले काहीही डोंगराएवढ्या भांडवलाचे नाही. सकाळची न्याहारी, घरचा मुरंबा, दोन बाटल्या वाइन, एवढी विक्री अंगणात रोखीने होते. मधे दलाल नाही.

पण याने शेती तरते असा समज करून घेऊ नका. याच वाटेवरून जाताना काही ठिकाणी वेली उपटलेली रिकामी रानेही दिसतील. फ्रान्समध्ये वाइन पिणे वर्षानुवर्षे कमी होत गेले, बाहेरदेशची मागणी घसरली, आणि साध्या लाल वाइनचा भाव उत्पादनखर्चाखाली गेला. शेवटी २०२३ मध्ये बोर्डो भागात वेली उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना सरकारला आणावी लागली. म्हणजे एकरी सुमारे २,४०० युरो. आजोबांनी लावलेला मळा नातवाने यंत्राने उपटायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, ही गोष्ट कोणत्याही मुलखातल्या शेतकऱ्याला लागणारीच. पाहुण्यांची खोली हा जोडधंदा आहे. तो घरखर्चाला हातभार लावतो, पण पडलेला बाजार सावरणे त्याच्या आवाक्यातले नाही. ज्यांच्याकडे खोलीही आहे आणि स्वतःच्या नावाने बाटली विकण्याची सोयही आहे, त्यांना थोडा दम धरता येतो, इतकेच म्हणता येईल.

सोव्हतेरपासून पुढे थोडे अंतर गावरस्त्यांनी जावे लागते. तेथे मोटारी असतात, पण तुरळक. मग कालवा लागतो. भरती जेथवर पोहोचते त्याच्या वर गारोन नावांना भरवशाची नाही. कधी महापूर, कधी उघडी पडलेली वाळू. म्हणून नदीला समांतर असा १९३ किलोमीटरचा कालवा तुलूझपर्यंत खोदला आणि १८५६ मध्ये तो पुरा झाला. घोडे काठावरून चालत नावा ओढत. नेमकी त्याच सुमारास रेल्वे आली आणि कालव्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. घोड्यांची ती वाट आज सायकलींची झाली आहे. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. चढ काय तो पाणदरवाजापाशी चार पावलांचा.

आजां शहरापाशी हा कालवा दगडी पुलावरून गारोन ओलांडतो. २३ कमानी, ५३९ मीटर लांबी, खाली नदी वाहते आहे आणि वर पाण्यातून नाव चालली आहे. आजां हे वाळवलेल्या आलुबुखारांचे गाव. तीन-साडेतीन किलो ताज्या फळाचे एक किलो वाळलेले फळ होते. तासगावकडच्या बेदाणा करणाऱ्या मंडळींनी आपल्या हिशेबाशी ताडून पाहावे.

त्याच्याही पुढे म्वासाक. आतापर्यंत पाहिलेले मळे वाइनचे. हे गाव मात्र आपल्यासारखेच, खाण्याच्या द्राक्षाचे. शासला नावाची सोनेरी, बारीक मण्यांची, बी असलेली जात येथे होते. १९७१ मध्ये तिला गावाच्या नावाची कायदेशीर मोहोर मिळाली. ताज्या फळाला असा मान मिळण्याची फ्रान्समधली ती पहिलीच वेळ. घड काढल्यावर बायका लहान कात्रीने एकेक खराब मणी काढून टाकतात आणि मग पेटी भरतात. आपल्या भगिनींच्या हातची विरळणी डोळ्यांपुढे आणा, तीच बोटे आणि तीच नजर. मणी आकाराने लहान असूनही त्याला मोल मिळते, कारण गिऱ्हाईक गावाचे नाव पाहून विकत घेते.

तुलूझनंतर मिदी कालवा लागतो. १६६६ ते १६८१ या काळात रिके नावाच्या गृहस्थांनी तो बांधून काढला. त्याच्या काठावरची चिनाराच्या कुळातली उंच झाडे २००६ पासून एका बुरशीने मरू लागली. ती लागण मुळांतून आणि जखमांतून झाडोझाड पसरते. हजारो झाडे तोडून जाळावी लागली आणि दुसऱ्या जातीची रोपे लावली गेली. सावली परत यायला एक पिढी जाईल. शिवाय तेथील वाट बऱ्याच ठिकाणी खडबडीत आहे, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर तुलूझलाच थांबलेले बरे.

परदेशी असलेल्या मुलांकडे जाणारी आईवडील मंडळी आता आपल्याही गावांत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला हा योग आलाच, तर मे-जून किंवा सप्टेंबर महिना धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा कडाका आणि गर्दी दोन्ही असतात. सायकल भाड्याने मिळते, परतीला रेल्वेत चढवता येते, मात्र काही गाड्यांत जागा आधी राखावी लागते. बारा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे आहे. वाइन चाखून सायकल चालवणाऱ्यालाही मोटारवाल्याइतकाच कायदा लागू आहे, तेव्हा बाटली मुक्कामावर उघडावी. आणि कडेचा घड कितीही मोहक दिसला तरी हात लावू नये. पानांवर निळसर डाग दिसले तर ते काय आहे, हे तुम्हांला कोणी सांगायला नको.