मृगाचा किडा आणि माझी चाळिशी

वन्यजीव म्हटले की आमच्या भोकरात वाघाखेरीज दुसरे काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. दिवाळीची सुटी लागली की ज्यांना जमते ते ताडोबा गाठतात. ज्यांना ताडोबा दूर वाटते ते पैनगंगा ओलांडून टिपेश्वरला जातात. परत आल्यावर "वाघ दिसला का?" या एका प्रश्नावर सगळ्या सहलीचा निकाल लागतो. बहुधा तो दिसलेला नसतो. मग "पंजाचा ठसा मात्र अगदी ताजा होता हो!" असे म्हणून मंडळी चहाचा पेला तोंडाला लावतात.

माझे तसे नाही. माझे अभयारण्य मोरीच्या दारापाशी सुरू होते आणि कुंपणाच्या मेंदीपाशी संपते. तेथे रोज शिकार होते, रोज कुणाची तरी सुटका होते, आणि लग्नानंतर नवऱ्याला खाऊन टाकण्याचा विधीही क्वचित पार पडतो. या शेवटच्या गोष्टीचे छायाचित्र मी मोठ्या हौसेने सौभाग्यवतींना दाखवले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बिचारीला फारच त्रास दिला असेल त्यानं."

असो. या सदराच्या वाचकांना आमच्या घरातील एक एक वेड आता ठाऊक झालेच आहे. यंदाच्या दिवाळीला हे नवे. किड्यामुंग्यांची छायाचित्रे काढण्यासाठी मॅक्रो भिंग कोणते घ्यावे, या प्रश्नाने माझे एक आख्खे वर्ष खाल्ले.

त्याचे असे झाले. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. कन्यका अंगणातून धावत आली ती तळहातावर मृगाचा किडा घेऊन. लाल मखमलीचा बुट्टा कुणी कातरून ठेवावा तसा तो दिसत होता. तिने विचारले, "बाबा, ह्याला पाय किती?"

मी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले, हात लांब धरून पाहिले. मराठी भाषा मोठी मार्मिक आहे. चाळीस वर्षांच्या वयालाही ती चाळिशी म्हणते आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणते. मला तांबडा डाग तेवढा दिसला. परंतु बापाला आणि मास्तरला 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सवय नसते. मी ठोकून दिले, "सहा. किड्यांना सहाच पाय असतात."

ती आत गेली, शाळेच्या कंपासपेटीशेजारी पडलेले हातभिंग घेऊन आली आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "आठ आहेत, बाबा."

आठच होते. मृगाचा किडा हा मुळी कीटक नव्हेच. तो कोळ्याच्या आणि गोचिडाच्या गोतातला. त्याला 'किडा' म्हणण्यात भाषा चुकली, आणि त्याला सहा पाय देण्यात भाषेचा मास्तर चुकला. भाषेला क्षमा आहे. तिला चष्मा नव्हता. मी मात्र न पाहता उत्तर दिले होते. ते मनाला लागून राहिले. फोनवर त्याचे छायाचित्र काढू गेलो, तर तोच तांबडा डाग, थोडा मोठा होऊन. त्या दिवशी ठरवले की एक भिंग घ्यायचे, आणि पाय मोजायचे.

भिंगाच्या दुनियेत शिरल्यावर पहिला धडा मिळाला तो प्रमाणाचा. खऱ्या मॅक्रो भिंगावर १:१ असे लिहिलेले असते. याचा अर्थ सहा मिलिमीटरचा किडा कॅमेऱ्यातील संवेदकावरही सहा मिलिमीटरचाच उमटतो. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच; त्यावर सहा मिलिमीटर म्हणजे चित्राचा सहावा भाग. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात तोच किडा चौकटीत आणखी मोठा दिसतो, म्हणून आमच्यासारख्या स्वस्त कॅमेरेवाल्यांनी तेथे मुळीच खंत करू नये. 'मॅक्रो' ही अक्षरे मात्र पुष्कळ साध्या भिंगांवरही छापलेली असतात. १:३ किंवा १:४ असेल तर फूल येईल, फुलातला किडा यायचा नाही. आणि निकॉन कंपनी अशाच भिंगाला 'मायक्रो' म्हणते, त्याने बिचकून जाऊ नये.

या नावावरून एक गोष्ट आठवली. निकॉनचे पहिले असे भिंग १९५६ साली निघाले, ते किड्यांसाठी नव्हे, अक्षरांसाठी! जपानी ग्रंथ व वर्तमानपत्रे सूक्ष्मफितीवर उतरवायची होती. रोमन लिपी साध्या भिंगाला पेलते. जपान्यांच्या कांजी अक्षरात रेघांची एवढी दाटी की ती एकमेकींत मिसळून जात. त्या रेघा सुट्या दिसाव्यात म्हणून हे भिंग घडले. रकार आणि रफार यांवरून आयुष्यभर लाल पेन चालवणाऱ्या माणसाला ही हकीकत कळल्यावर भिंग घेण्यास आणखी काय निमित्त हवे? सौ. म्हणाल्या, "निमित्त मिळालं, पैसे कुठून मिळणार?" नव्या भिंगाची किंमत अर्ध्या लाखाच्या घरात होती.

दुसरा धडा अंतराचा. यासाठी आपली जुनी मापेच बरी. ६० मिलिमीटरचे भिंग १:१ ला आणले, तर भिंगाचे तोंड आणि किडा यांत उरतात साधारण चार बोटे. ९० ते १०५ चे असेल तर टीचभर. १८० चे असेल तर चांगली वीतभर. पत्रकात 'किमान अंतर ३० सेंटिमीटर' असे छापलेले वाचून फसू नये. ते अंतर आतल्या संवेदकापासून मोजतात. त्यातले निम्म्याहून अधिक कॅमेरा आणि भिंगच खाऊन टाकतात. चार बोटांवर फुलपाखरू बसून राहत नाही, आणि राहिले तरी आपल्याच भिंगाची सावली त्याच्यावर पडते. वीतभरवाले भिंग उत्तम, परंतु ते जड, महाग आणि हातात थरथरणारे. तेव्हा मध्यममार्ग टीचेचा. पहिलेच भिंग घेणाऱ्याने १०० च्या आसपासचे घ्यावे, असे जाणते लोक सांगतात, आणि ते खरे आहे.

मी मात्र आधी शहाणपणा केला. जुन्या मालाच्या बाजारात एक ऑटोफोकस मॅक्रो निम्म्याहून कमी किमतीत मिळाले. पार्सल फोडले, भिंग कॅमेऱ्याला बसवले, कळ दाबली. भिंग ढिम्म हलेना. काही जुन्या ऑटोफोकस भिंगांच्या पोटात मोटार नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि स्वस्त कॅमेऱ्यांत ती नसते. विकणाऱ्याने काही लपवले नव्हते. त्याने 'ऑटोफोकस' लिहिले होते, मी पुढचे विचारले नव्हते. पाय न मोजता 'सहा' म्हणण्याचाच हा दुसरा प्रकार. ते भिंग थोड्या तोट्याने परत विकले, आणि घरात तो विषय दहा दिवस निघाला नाही, यावरून तोटा सर्वांना ठाऊक होता हे मी ओळखले.

शेवटी पाडव्याला टीचेचे, आत मोटार असलेले, हाताची थरथर सावरणारे एक भिंग आले. माझा सारा भर त्या ऑटोफोकसवर होता. डोळे मावळतीला लागले. आता यंत्राने पाहावे, मी कळ दाबावी, असा सरळ हिशेब.

हिशेब चुकला. १:१ च्या जवळिकीत स्पष्टतेचा पट्टा किती जाड असतो? भिंगाचे छिद्र एफ/८ इतके बारीक केले तरी जेमतेम एक मिलिमीटर! कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर. आपण श्वास घेतला तरी तो पट्टा किड्याच्या अंगावरून पुढे निघून जातो. मग ऑटोफोकस बिचारा बाजारात पाकीट हरवलेल्या माणसासारखा पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तोवर किडा घरी पोचतो. काही भिंगांवर या भटकंतीला आवर घालणारी एक लहानशी कळ असते, ती जरूर पाहून घ्यावी. परंतु अगदी जवळून काढताना खरी रीत वेगळीच. ऑटोफोकस बंद करावा, भिंग हव्या त्या प्रमाणावर ठेवावे आणि देवापुढे झुकावे तसे आपणच हळूहळू पुढे झुकावे. डोळा स्पष्ट झाला की कळ दाबावी. दहांत एक साधते.

मग ऑटोफोकस कशाला? तर थोड्या दुरून टिपायच्या प्राण्यांसाठी. फुलपाखरे, चतुर, सरडे यांच्यामागे तो वाऱ्यासारखा धावतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या सड्यावर गळ्याचा निळा पंखा उघडणारा सरडा असतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जातकुळीचे नावच आपल्या मराठी शब्दावरून 'सरडा' असे ठेवले. तो पंखा क्षणभरच उघडतो. तेथे माझ्यासारख्याच्या बोटांचा काय पाड? नवीन कॅमेरे याहून पुढे गेले आहेत. सोनीच्या २०२२ सालच्या एका कॅमेऱ्याला चौकटीतला कीटक आपोआप ओळखता येतो. थरथर सावरण्याची सोयही चांगली. पण ती आपल्या हाताची थरथर सावरते, वाऱ्याने हलणाऱ्या फांदीची नव्हे.

आणि एक गोष्ट, माझ्या वयाच्या वाचकांसाठी. कॅमेऱ्यात डोळा लावतो त्या खिडकीच्या कडेला एक चिमुकले चाक असते. ते फिरवून आपल्या डोळ्याचा नंबर जुळवता येतो. सहा महिने मी भिंगाला आणि नशिबाला बोल लावला, तेव्हा कन्यकेने ते चाक शोधून काढले.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे आमचे मेहुणे नेहमी विचारत. त्यांची कोरडवाहू कपाशी आहे. यंदा श्रावणात मी शेतावर गेलो, तेव्हा पानांखाली मावा होता, आणि त्या मावात काळ्या अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिलासारख्या अळ्या फिरत होत्या. मेहुणे म्हणाले, "दाजी, ही नवीनच बला आली बगा. उद्या फवाराच मारून टाकतो."

मी गुडघे टेकले, ऑटोफोकस बंद केला आणि झुकलो. चाळीस छायाचित्रांत तीन साधली. बांधावर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक मोठे करून पाहिले, तर त्या सुसरीच्या जबड्यात मावा होता! अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि एक पाय हवेत. ती ढालकिड्याची अळी होती. तोच तो तांबडा, टिपक्यांचा, पोरे हातावर खेळवतात तो. मोठेपणी देखणा, लहानपणी कुरूप. आणि दोन्ही वयांत मावा फस्त करणारा.

मेहुणे बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी आपल्याच गड्याला माराया निघालो होतो."

फवारा त्या आठवड्यापुरता थांबला. दहा दिवसांत मावा ओसरला. तो अळ्यांनी ओसरवला की मधे पडलेल्या पावसाने, यावर आमच्यात अजून एकमत नाही, आणि मी ते आग्रहाने मागितलेले नाही. कधी फवारावे लागतेही. ते शेतकऱ्याने आणि कृषी सहायकाने पाहावे. परंतु २०१७ साली पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. पाठीवर पंप घेऊन उद्या आपला माणूस त्या सरीतून चालणार असेल, तर आज एकदा पानाखाली वाकून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याला महागाचे भिंग लागते असेही नाही. कंपासपेटीतले पुरते. मला अर्ध्या लाखाचे लागले, कारण मी पाहण्याआधी बोलणारा माणूस.

तरीही कुणाला घ्यायचेच असेल, तर थोडक्यात सांगतो. १:१ आहे ना, ते पाहा. टीचभर अंतराचे घ्या. मोटार भिंगात आहे की कॅमेऱ्यात, हे विचारा. हात आखडता असेल, तर आहे त्याच भिंगामागे लावायच्या पोकळ नळ्या मिळतात. त्यांत काच नसते म्हणून त्या स्वस्त असतात. प्रकाश फार लागतो, कारण १:१ ला भिंगातून चौथाईच उजेड आत येतो. फ्लॅशपुढे बटर पेपर लावला की तो मऊ होतो. सकाळी लवकर जा. गारठ्याने किडे आळसावलेले असतात. आणि किडा स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आमच्या घरी हा प्रयोग सुचवताच सौभाग्यवतींनी, आधी कोण बाहेर राहणार ते ठरवा, असे बजावले.

परवा वसुबारसेला पहिली पणती लावली. थोड्याच वेळात तिच्याभोवती चिमुकले हिरवे तुडतुडे जमले, आणि त्यांच्या मागोमाग उंबऱ्यावर एक नाकतोडा येऊन बसला. मी भिंग आणायला उठलो. कन्यका तोवर पालथी पडून, हनुवटी फरशीला टेकून त्याच्याकडे पाहत होती.

"बाबा, ह्याला पाय किती?"

मी कॅमेरा बाजूला ठेवला, चाळिशी नाकावर चढवली आणि तिच्या शेजारी फरशीवर आडवा झालो.

"थांब," मी म्हणालो, "मोजून सांगतो."